सर्वांत श्रेष्ठ विज्ञानपट कोणता? बाईला विचारलंय का कुणी?

अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरचे जीव... हे सगळं ‘पोरांचं खूळ’ म्हणून आपण सोडून देतो. पण या सिनेमांचं मूळ शोधत गेलं की जागोजागी बाईच भेटते. आणि त्यातला सगळ्यात गाजलेला सिनेमा तर थेट धानोऱ्याच्या जंगलाशी येऊन भिडतो!

टीव्हीवर ‘ज्युरासिक पार्क’ नाहीतर ‘टर्मिनेटर’ लागला, की घरात वाद ठरलेला. मोठ्याचं म्हणणं, ‘टर्मिनेटर’सारखा सिनेमा पुन्हा होणे नाही. धाकटी ‘अवतार’वर अडून बसते. बाबा मध्येच तोंड घालतात, “अरे, तुमचं सगळं ठीक आहे, पण आमचा ‘मिस्टर इंडिया’ तो ‘मिस्टर इंडिया’च!” आणि आई? तिला कुणी विचारत नाही. तीही “मला बाई त्यातलं काही कळत नाही” म्हणते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला निघून जाते.

हा वाद फक्त आपल्या घरातला नाही. जगभरातले मोठमोठे लोक तो घालतात. २००४ साली ‘द गार्डियन’ या इंग्लंडच्या दैनिकानं साठेक शास्त्रज्ञांना विचारलं, की सांगा, सर्वांत उत्तम विज्ञानपट कोणता? शास्त्रज्ञांनी पहिला नंबर दिला ‘ब्लेड रनर’ला. १९८२ सालचा सिनेमा. हुबेहूब माणसासारखी दिसणारी यंत्रमाणसं आणि खरी माणसं यांतला फरक ओळखायचा कसा, हा त्यातला प्रश्न. दुसरा नंबर आला ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’चा. हा तर १९६८ सालचा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्याही एक वर्ष आधीचा! त्यात अंतराळात गेलेला एक बाप पृथ्वीवरच्या आपल्या छोट्या मुलीशी पडद्यावर बघून बोलतो. तेव्हा ती कल्पनेची भरारी होती. आज नागपूर-पुण्याला शिकायला गेलेल्या लेकाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. रेंज तेवढी मिळाली पाहिजे!

पण खरी गंमत पुढे आहे. ‘साइट अँड साउंड’ हे इंग्लंडचं सिनेमाविषयक मासिक दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. नुसत्या विज्ञानपटांची नव्हे, सगळ्याच सिनेमांची. २०२२ सालच्या यादीत दिग्दर्शकांनी पहिला नंबर दिला त्याच ‘२००१’ला. समीक्षकांनी मात्र पहिला नंबर दिला शांताल आकरमान या बाईनं १९७५ साली केलेल्या ‘जान डिलमान’ या सिनेमाला. काय आहे त्यात? एक विधवा गृहिणी. तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवायला वाढते. तीन तासांहून जास्त वेळ आपण हेच पाहतो, आणि पाहता पाहता आपल्या पोटात गोळा येतो.

म्हणजे बघा, एकीकडे अंतराळयान आणि दुसरीकडे स्वयंपाकघर. दोन्ही पहिल्या नंबरावर! मग आपण का म्हणायचं, की यातलं आपल्याला कळत नाही?

‘सौ. शेली’ कोण होती?

विज्ञानकथा म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत समजून घेऊ. आजच्या जगातली एखादी गोष्ट विज्ञानाच्या जोरावर बदलायची आणि विचारायचं, ‘असं झालं तर?’ माणूस अदृश्य झाला तर? यंत्र विचार करायला लागलं तर? मेलेल्या देहात पुन्हा जीव घालता आला तर?

हा शेवटचा प्रश्न १८१६ साली अठरा वर्षांच्या एका मुलीला पडला. तिचं नाव मेरी शेली. तिनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली. एक शास्त्रज्ञ मृतदेहांचे अवयव जोडून जीव निर्माण करतो आणि त्याचं रूप पाहून घाबरून त्याला टाकून पळतो. तो टाकलेला जीव प्रेमासाठी दारोदार भटकतो, सगळीकडून हाकलला जातो आणि शेवटी सूडाला पेटतो. पुरुष समीक्षकांनी यात विज्ञानाचा गर्व पाहिला. पण आईच्या नजरेनं वाचलं तर वेगळंच दिसतं. जन्म दिला, पण जबाबदारी घेतली नाही, ही त्या शास्त्रज्ञाची खरी चूक! मेरीनं त्याआधीच्याच वर्षी आपलं तान्हं बाळ गमावलं होतं. जन्म आणि मृत्यू तिच्यासाठी नुसत्या कल्पना नव्हत्या.

१८१८ साली पुस्तक आलं, पण निनावी. हे तिच्या नवऱ्यानं, कवी शेलीनंच लिहिलं असणार, असं पुष्कळांना वाटलं. पुढे १९३१ साली त्यावर हॉलिवूडनं सिनेमा काढला. तो इतका गाजला, की आजही ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं की त्यातलाच चौकोनी डोक्याचा राक्षस डोळ्यांपुढे येतो. आणि त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत मूळ लेखिकेचं नाव कसं आलं? ‘मिसेस पर्सी बी. शेली’! म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत असतं तसं, सौ. अमुक तमुक. तिचं स्वतःचं ‘मेरी’ हे नाव गायब! ज्या बाईनं हा सगळा प्रकार सुरू केला, तिलाच पडद्यावर नवऱ्याच्या नावानं यावं लागलं.

बर्लिनची लेखिका, बेळगावचं नातं

जुन्या विज्ञानपटांची यादी काढली, की ‘मेट्रोपोलिस’चं नाव येतंच येतं. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा दाखवलेला हा मूकपट. वर उंच इमारतींत ऐषआरामात राहणारे मालक आणि खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार. त्यांना फसवायला मारिया नावाच्या मुलीच्या चेहऱ्याची एक यंत्रस्त्री बनवली जाते. पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या गाजलेल्या यंत्रमानवांपैकी ही एक, आणि ती बाई आहे! नंतर या सिनेमाची बरीच कापाकापी झाली. कायमचे हरवले असं वाटलेले त्याचे भाग २००८ साली थेट अर्जेंटिनात सापडले.

दिग्दर्शक म्हणून फ्रित्झ लांग यांचं नाव सगळे घेतात. पण ती कादंबरी आणि पटकथा लिहिली थिया फॉन हार्बो यांनी, त्यांच्या तेव्हाच्या पत्नीनं. आता यातला मराठी धागा ऐका. लांगपासून वेगळी झाल्यावर थियाचं लग्न झालं ते अयी तेंडुलकर यांच्याशी. बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारा, बेळगावकडचा मराठी माणूस! दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले आणि पुढे गांधीजींच्या सहवासातल्या इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांची कहाणी पुस्तकरूपानं मांडली आहे. थियाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती हिटलरच्या पक्षाची सदस्य झाली होती. लिहिणारी बाई म्हणजे प्रत्येक वेळी चांगल्या बाजूलाच उभी असते, असं नाही.

आपल्या देशातलं उदाहरणही याच तोडीचं आहे. १९०५ साली बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती छापून आली. कथेत बायकांचं राज्य आहे आणि पुरुष घरात, पडद्याआड! पण तिथलं स्वयंपाकघर बघा. चूल नाही, धूर नाही, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. आपल्याकडे सोलर कुकर येण्याच्या कितीतरी आधी एका बाईनं तो कल्पनेत पेटवला होता. धुरानं डोळे चोळत भाकरी थापलेल्या बाईलाच हे सुचणार, नाही का? या कथेवर स्पेनच्या इसाबेल एरगेरा यांनी २०२३ साली ॲनिमेशनपट केला.

एक सोपी कसोटी

१९८५ साली ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीनं एक चित्रमालिका काढली. त्यातली एक बाई म्हणते, की मी सिनेमा पाहायचा तर माझ्या तीन अटी. एक, त्यात निदान दोन बायका हव्यात. दोन, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात. आणि तीन, बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशावर तरी हवं. बस्स, एवढंच! या अटी पाळणारा तिनं पाहिलेला शेवटचा सिनेमा कोणता होता? १९७९ सालचा विज्ञानपट, ‘एलियन’. कारण त्यात दोन बायका एकमेकींशी बोलतात, त्या राक्षसाबद्दल!

‘एलियन’ची नायिका रिप्ली. अंतराळात मालवाहू यान, त्यात शिरलेला भयंकर प्राणी, आणि नियम काय सांगतो ते ठामपणे बोलणारी ही एकटी बाई. बाहेरून आलेल्या बाधित माणसाला आत घेऊ नका, असं ती सांगते. कोणी ऐकत नाही. पुढे काय होतं, ते सांगायला नकोच. करोनात ‘बाहेरून आलात, आधी हातपाय धुवा’ म्हणून दारातच अडवणाऱ्या कितीतरी जणींना रिप्ली आपलीच वाटेल! या सिनेमाची पटकथा लिहिताना कुठलंही पात्र स्त्रीनं करावं की पुरुषानं, हे मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. म्हणूनच बहुधा रिप्लीच्या वाट्याला रडणं-किंचाळणं न येता काम आलं.

‘टर्मिनेटर’मधली सारा कॉनर तशीच. १९८४ च्या पहिल्या भागात ती हॉटेलात वाढपी. १९९१ च्या दुसऱ्या भागात तीच सारा पोराला वाचवायला पोलादासारखी उभी राहते. तिनं पुढचा विनाश पाहिलाय, पण खरं सांगते म्हणून तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं जातं. पहिल्या भागाच्या पटकथेत गेल ॲन हर्ड या बाईचाही हात होता. लहान मुलांचा लाडका ‘ई.टी.’ लिहिला मेलिसा मॅथिसन यांनी. ‘स्टार वॉर्स’च्या संकलनासाठी ऑस्कर मिळालेल्या तिघांत मार्शिया लुकास होत्या. ही नावं वादाच्या वेळी कुणी काढतं का?

आता ही कसोटी आपल्याकडच्या सिनेमांना लावून बघा. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. नायक अदृश्य होतो, पण त्याच्या अडचणी अगदी दृश्य आहेत. घरभाडं थकलंय, वाण्याची उधारी वाढलीय आणि घरात अनाथ पोरांची पलटण! म्हणूनच तो आपल्याला जवळचा वाटतो. श्रीदेवीची सीमा पत्रकार आहे, धीट आहे, पण तिला मनातलं बोलायला घरात एक मैत्रीण नाही. २००३ च्या ‘कोई मिल गया’मध्ये परग्रहावरचा जादू येतो आणि बौद्धिक वाढ खुंटलेला रोहित एकदम हुशार होतो. पोरं टाळ्या वाजवतात. पण अशा मुलाला एकटीनं वाढवणारी रेखाची आई आठवा. शाळेत विनवण्या करणारी, लोकांचं बोलणं ऐकून घेणारी. तसं मूल घरात असलेल्या आईला हा सिनेमा पाहून काय वाटलं असेल? जादू येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. उद्या सकाळी तिलाच उठायचं असतं.

हे प्रश्न विचारले म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. उलट तो आपला होतो.

नागपूरच्या पोरीचं यान

आणि आपल्याच विदर्भाच्या लेकीनं विज्ञानपट केलाय, हे किती जणींना माहीत आहे? नागपूरच्या आरती कडव. आयआयटी कानपूरमधून कॉम्प्युटरचं शिक्षण, मग नोकरी, आणि ती सोडून सिनेमा. त्यांचा ‘कार्गो’ २०१९ साली मुंबईच्या ‘मामि’ महोत्सवात दाखवला गेला आणि २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

त्यातलं यानाचं नाव काय माहितीय? पुष्पक! आत काम करतात ते राक्षस, पण शिंगंबिंगं नसलेले, अगदी सरकारी कार्यालयातल्या बाबूंसारखे. पृथ्वीवर मेलेली माणसं या यानात येतात. त्यांच्याजवळचं सामान काढून घ्यायचं, दुखणी बरी करायची, आठवणी पुसायच्या आणि पुन्हा जन्माला पाठवायचं, ही यांची ड्युटी. वर्षानुवर्षं एकटा राहिलेला प्रहस्थ आणि नव्यानं रुजू झालेली युविष्का यांची ही गोष्ट. आजीनं सांगितलेलं पुराण आणि अंतराळ यांची अशी सांगड हॉलिवूडवाल्यांना जमली नसती! डोळे दिपवणारी लढाई यात नाही. मेल्यावर माणसाच्या खिशात काय राहतं, एवढंच आपण बघत राहतो.

याच आरती कडव यांनी पुढे ‘मिसेस’ केला. ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम सिनेमाची ही हिंदी आवृत्ती, २०२५ साली झी-५ वर आली. नव्या सुनेचं स्वयंपाकघर, पाटा-वरवंटा, गरम गरम फुलके आणि कधीच न संपणारी भांडी. लग्नानंतर ‘मिसेस’ एवढीच ओळख उरलेली बाई! मेरी शेलीच्या नावाचं काय झालं होतं, आठवतंय ना? अंतराळयान आणि स्वयंपाकघर, जगातल्या जाणकारांनी दोन वेगळ्या याद्यांत टाकलेल्या या दोन जागा. नागपूरच्या एका बाईला त्या दोन्ही आपल्या वाटल्या.

‘अवतार’ आणि मेंढा

आता नागपूरहून आणखी पूर्वेला या. गडचिरोली ओलांडून छत्तीसगडच्या वाटेवर लागतं धानोरा. आजूबाजूला बांबू, मोह आणि तेंदूचं जंगल. सिनेमाची चर्चा करायला हा काय मुलूख आहे, असं कुणी म्हणेल. पण झाडीपट्टीच्या माणसाला कुणी नाटक-सिनेमा शिकवायला जाऊ नये! दिवाळीनंतर धान घरात आलं, की मंडईच्या दिवसांत वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. बायका लेकरं घेऊन, चादरी पांघरून रात्रभर नाटक पाहतात. आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं काम जमलं, कुणाचं फसलं, याचा हिशोब लागतो तो बायकांच्याच बोलण्यात.

डिसेंबर २००९ मध्ये जगभर ‘अवतार’ झळकला. कमाईचे सगळे विक्रम त्यानं मोडले. पँडोरा नावाचं दूरचं जग. तिथले निळे, उंच लोक जंगलात राहतात, झाडाला देव मानतात. जमिनीखाली मौल्यवान खनिज आहे म्हणून पृथ्वीवरची कंपनी यंत्रं घेऊन येते आणि त्यांचं घर असलेला महावृक्षच पाडते. शेवटी मोठं युद्ध होतं आणि निळे लोक जिंकतात.

हॉलिवूडला हे स्वप्नवत वाटलं. पण ज्या २००९ साली हा सिनेमा आला, त्याच वर्षी धानोऱ्याच्या अगदी शेजारी असलेल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावानं आपल्या जंगलावर हक्क मिळवला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. जंगल किती? सुमारे १८०० हेक्टर!

ही लढाई एका दिवसाची नव्हती. ऐंशीच्या दशकात भोपालपट्टणम-इचमपल्ली धरणांचा घाट घातला गेला, तेव्हा इथले आदिवासी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते. त्यातूनच पुढे मेंढ्यात ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज, ही घोषणा घुमू लागली. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सोबत्यांच्या साथीनं अभ्यास गट सुरू केला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय काय आहे, हे लोक बसून शिकले. (आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावणाऱ्या या माणसाचं नावही लक्षात ठेवण्यासारखं!)

हक्क मिळाला, तरी बांबूचा तिढा राहिलाच. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला ‘झाड’ ठरवून ठेवलं होतं. हो, ‘मेट्रोपोलिस’ आला तेच हे १९२७ साल! विज्ञान सांगतं, की बांबू हे गवत आहे. वनहक्क कायदाही त्याला गौण वनोपज म्हणतो. पण तो विकायला न्यायचा, तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपवलं. ना युद्ध, ना उडते ड्रॅगन. कायद्याचं कलम, जोडलेली कागदपत्रं आणि न कंटाळता घेतलेल्या बैठका. ‘अवतार’पेक्षा हा शेवट कमी थरारक आहे का?

असंच ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर झालं. तिथल्या डोंगरिया कोंध लोकांच्या पवित्र डोंगरात बॉक्साइटची खाण येऊ घातली होती. २०१० साली त्यांच्या बाजूनं एका संघटनेनं हॉलिवूडच्या मासिकात जाहिरात देऊन ‘अवतार’चे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना साद घातली, की तुमची गोष्ट इथे खरी घडतेय, मदत करा! २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला ‘नाही’ म्हटलं.

मग ‘अवतार’ सर्वश्रेष्ठ म्हणायचा का? इथेच एक गोम आहे. त्यात निळ्या लोकांना वाचवतो कोण, तर बाहेरून आलेला एक गोरा सैनिक. त्यांच्यातच राहून, त्यांचं शिकून, चार दिवसांत तो त्यांचा पुढारी होतो! नेयतिरी ही निळी मुलगी त्याला सगळं शिकवते, आणि नेता मात्र तो. मेंढ्याची गोष्ट असं सांगत नाही. तिथे बाहेरचे लोक आले ते सोबत करायला. निर्णय गावानं घेतला.

मतदान नको, सर्वसहमती हवी

मेंढ्याच्या ग्रामसभेची आणखी एक रीत आहे. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करायची. एकजण जरी अडला, तरी थांबायचं. वेळ लागतो, पण मागं कुणी रुसून उरत नाही.

‘असं झालं तर?’ हा विज्ञानकथेचा खेळ आपणही खेळू. समजा, सर्वश्रेष्ठ विज्ञानपटाचा हा वाद धानोऱ्याच्या एखाद्या बचत गटाच्या बैठकीत या रीतीनं झाला तर?

एक म्हणेल, “मले तं बाई तो निळ्या लोकांचाच पिच्चर आवडला. झाड पडलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं.” दुसरी म्हणेल, “पण काहून व, त्याईले आपला माणूस नाही भेटला का पुढारी कराले?” कोणी म्हणेल, “मोहफुलं वेचायचं यंत्र आलं तर माझी मजुरी वाचेल का जाईल, ते सांगा आधी.” आणि कोपऱ्यातली म्हातारी विचारेल, “यानात स्वयंपाक कोण करते?” हसू नका! हा अगदी खरा प्रश्न आहे. कुठल्याही भविष्याची परीक्षा त्यातल्या कामाच्या वाटणीनंच होते.

अशी बैठक झाली तर पहिला-दुसरा नंबर लागणार नाही कदाचित. पण प्रत्येक सिनेमा नव्यानं तपासला जाईल. आणि माझ्या मते श्रेष्ठ विज्ञानपटाची खूण हीच. तंत्र किती भारी, खर्च किती झाला, हे पोरांना मोजू दे. जो सिनेमा संपल्यावर ‘उद्या असं झालं तर माझं काय, माझ्या लेकीचं काय, माझ्या गावाचं काय?’ असं विचारावंसं वाटतं आणि त्याचं उत्तर पडद्यावरच्यापेक्षा वेगळंही असू शकतं हे सुचतं, तो श्रेष्ठ. या मापानं माझं मत ‘एलियन’ला. कारण त्यात बाई बोलते ते बरोबर असतं, ते न ऐकल्याची किंमत सगळे मोजतात, आणि शेवटी तीच तरून जाते. पण धानोऱ्यात पहिल्यांदा दाखवायचा झाला तर ‘अवतार’च दाखवावा. आणि तो संपल्यावर दिवे लावून त्याचा खरा शेवट मेंढ्याच्या बायकांनी सांगावा.

कारण नसलेला उद्या आधी मनात उभा करावा लागतो, हे या जिल्ह्यातल्या बायकांना नवीन नाही. अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी, ही गोष्ट एके काळी परग्रहावरच्या माणसाइतकीच अशक्य वाटत होती. गावोगावच्या बायकांनी ती मनात धरली, मोर्चे काढले आणि १९९३ साली गडचिरोलीत ती कागदावर आणून दाखवली. अंमलबजावणीची भांडणं आजही चालू आहेत, तो भाग वेगळा. पण ‘असं झालं तर?’ हे आधी त्यांनीच विचारलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मत मांडायला घाबरू नका. उद्याच्या जगाच्या गोष्टी रचणाऱ्यांत आपण पहिल्यापासून आहोत. नाव तेवढं ‘सौ.’च्या मागं झाकलं गेलं होतं.

पाहाच, आणि पाहून झाल्यावर विचारा

मिस्टर इंडिया (१९८७) : अदृश्य होता आलं असतं तर आपण आधी काय केलं असतं?

टर्मिनेटर २ (१९९१) : खरं सांगणाऱ्या बाईला वेडी ठरवणं किती सोपं असतं?

ज्युरासिक पार्क (१९९३) : पिल्लं होऊ नयेत म्हणून सगळ्या माद्याच जन्माला घातल्या. तरी पिल्लं झालीच! निसर्गाला असं बांधून ठेवता येतं का?

अवतार (२००९) : त्या सैनिकाच्या जागी नेयतिरी पुढारी असती तर?

कार्गो (२०१९) : आपल्या कोणत्या आठवणी पुसल्या तर चालतील, आणि कोणत्या मुळीच नाहीत?